भट्टीवाल्याच्या धमनीतला स्टेंट

मित्रांनो, बोटाच्या पेरावर मावेल एवढा मी एक जुना स्टेंट आहे. धातूच्या बारीक नळीला कापून मला जाळीदार केले, आवळून एका इवल्याशा फुग्यावर बसवले आणि जंतू शिरणार नाहीत अशा पाकिटात बंद केले.

एका पाव भाजणाऱ्याच्या हृदयाची धमनी तुंबली होती. डॉक्टरांनी त्याच्या जांघेतून नळी सरकवली. तिच्यातून मी हृदयापर्यंत पोहोचलो, फुगा फुगताच उघडलो आणि धमनीच्या भिंतीला घट्ट टेकलो. रक्त खळाळत धावू लागले. "झकास बसला!" डॉक्टर म्हणाले. कौतुक झाले खरे, पण आता परतीची वाट नव्हती.

नर्सने बजावले होते, "जांघेतली जखम कोरडी ठेवा. लाल झाली, ताप आला, तर लगेच या."

पण भट्टीवाल्याला कुठला धीर! तो पुन्हा पिठात, घामात राबू लागला. जखम ठुसठुसू लागली, पू आला. अशा जागेचे दुखणे दाखवायचे कुणाला? लाजेने त्याने ओठ शिवले.

जंतू रक्तातून वाहत आले आणि मला चिकटले. हात नाहीत, झटकू कसे? पाय नाहीत, पळू कुठे? ज्या भिंतीला आधार द्यायचा, तीच माझ्याभोवती सडत होती. थंडी वाजून ताप भरला की त्याच्याबरोबर मीही थरथरे. "भट्टीची झळ लागलीय," तो घरच्यांना सांगे.

शेवटी थोरल्या बहिणीने त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे, पाव भाजून निघेल तुझ्या अंगावर! काय लपवतोयस?"

"अक्का, जागा सांगण्यासारखी नाही गं."

"लहानपणी तुला न्हाऊ घातलंय मी. ऊठ, मुकाट्याने दवाखान्यात चल!"

शिरेतून औषधे सुरू झाली, जखम साफ झाली, तरी ताप हटेना. धमनीला फुगवटा आला होता. "स्टेंट काढावाच लागेल," सर्जन म्हणाले. छाती उघडून त्यांनी मला उपसले आणि रक्ताला दुसरी वाट करून दिली. ज्याला जगवायला गेलो, त्याच्याच जिवावर मी उठलो होतो.

तो वाचला. मात्र चार पावले चालला की धापा टाकतो. भट्टी आता अक्का पेटवते. मी दवाखान्यातल्या काचेच्या बाटलीत, औषधी पाण्यात बुडून आहे. शिकाऊ डॉक्टर मला वाकून बघतात.

मित्रांनो, तुमच्या आजोबांच्या छातीतही माझा एखादा भाऊ असेल. ताप आल्यावर ते "काही नाही रे" म्हणाले, तर गप्प बसू नका. नळी घातली तिथली जखम कशी आहे, हे न लाजता विचारा. आम्हाला आतून हाक मारता येत नाही.