कुठून उडायचं?

"अक्का, समुद्र दावणार हुतीस न्हवं? कुठाय?" खास विमान बघायला नेसरीहून आलेल्या विद्याश्रीनं विचारलं.

शिवलीलाही तोच शोधत होती. कॉम्प्युटरवर सॅनफ्रान्सिस्कोहून उडायचं, खाडीवरून डावीकडं वळून परत उतरायचं, एवढंच तिनं महिनाभर घोटलं होतं. आज ते धाकट्या बहिणीला करून दाखवायचं होतं. पण पडद्यावर नुसती रानं! ती गोंधळली, उशिरा वळली आणि विमान नाक खुपसून बसलं.

"उसात गेलं की गं!" विद्याश्री फिदीफिदी हसली.

मागं उभा तिचा नवरा सोमेश मात्र खुशीत. "वळखलंस का? उजळाईवाडीचा विमानतळ! आपलं कोल्हापूर! कालच बदललंय."

सोमेश पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. विमानाच्या या खेळाचा प्रोग्रॅम जगभरातली हौशी माणसं मिळून, फुकट लिहीत. त्यात कोल्हापूरची धावपट्टी सोमेशनं पावसाळाभर खपून बसवली होती. खेळ सुरू केला की जो तो मुकाट सॅनफ्रान्सिस्कोलाच उभा, यावरून त्यानं इंटरनेटवर परदेशी मंडळींशी भांडण मांडलं होतं. वापरणाऱ्याला न विचारता त्याचं ठरवणारे तुम्ही कोण? इंग्रजी उधारीचं, पण राग रोखीचा. आणि घरी, बायको बाजाराला गेलेली बघून, त्यानं तिच्या खेळातली उडायची जागा बदलून टाकली.

"मला इचारलंसा?" शिवलीला म्हणाली.

"अगं, आपलं गाव हाय की!"

"गाव माझं बी हाय. पर उडत मी हुते. त्या गोऱ्यास्नी रोज लिवतासा, इचारल्याबिगर करू नगा म्हणून. घरात ते लागू न्हाय व्हय?"

दाजी काय उत्तर देतात हे ऐकायला विद्याश्री पुढं सरकली. दाजींनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढून घेतली.

जेवणं होईतो सोमेश खुर्चीतून उठला नाही. खेळ सुरू होताच आता आधी चौकट येणार होती : कुठून उडायचं? खाली दोन नावं. कोल्हापूरवर त्यानं आधीच खूण करून ठेवली. जरा वेळ बघत बसला. मग पुसली.

"बस," म्हणून त्यानं हात मागं बांधले.

शिवलीलानं दोन्ही नावं सावकाश वाचली.

"लवकर गं, दाजींचा जीव टांगलाय!"

तिनं सॅनफ्रान्सिस्को निवडलं. निळी खाडी आली, विमान डावीकडं वळलं आणि दोन टणाटण उड्या मारून टेकलं. विद्याश्रीनं टाळ्या वाजवल्या. सोमेशनंही, मनापासून.

"आणि एकदा," शिवलीला म्हणाली.

चौकट पुन्हा आली. नवऱ्यानं एकेक रेघ ओढून केलेली उजळाईवाडीची धावपट्टी तिच्या बोटाच्या एका दाबावर होती. बोट त्या नावावरून पुढं, पुन्हा सॅनफ्रान्सिस्कोवर गेलं.

सोमेशनं हात मागंच ठेवले.