पंख्याची जागा

बाबांनी नट ढिला केला, छोट्या विमानाच्या इंजिनाचा पंखा बोटभर फिरवला आणि पुन्हा आवळला.

"दे आता."

लेकीने रबर चढवलेल्या काडीने पात्याला झटका दिला. टेबलावर फळीला आवळलेलं इंजिन तडतडत सुरू झालं आणि फळीवरचे स्क्रू जागच्या जागी नाचायला लागले. बाबांनी इंजिनामागे फळीवर दोन बोटं टेकवली, मान तिरकी केली.

ही त्यांची पद्धत. पंख्याची दोन्ही पाती घासून अगदी सारख्या वजनाची केली तरी इंजिनाची स्वतःची थरथर उरतेच. मग पंखा थोडा थोडा फिरवून बसवत जायचं. एका जागी थरथर जवळजवळ मरते. ती जागा बोटांनाच कळते. गेल्या वर्षी ती जागा चुकली होती. विमान झाडाच्या उंचीवर गेलं आणि नाक निखळलं, वर्षभराचं काम मैदानभर पसरलं. नवं विमान आता कोपऱ्यात तयार होतं. उद्या सकाळी उडवायचं होतं.

"बास," बाबा म्हणाले. "हीच जागा."

तिने इंधनाची नळी चिमटून इंजिन बंद केलं.

"काय बास? पान्हा खाली पडला टेबलावरून."

"कडेला असेल."

"मी ठेवलेला. मधोमध."

"शाळेत टिकली नाहीस आणि मला इंजिन शिकवतेस."

"शाळेत इंजिन नव्हतं म्हणून नाही टिकले."

एरवी ते हसले असते.

"या वेळी पडलं तर तुकडे गोळा करायला मी येणार नाही, सांगून ठेवते."

"नको येऊस."

ती तणतणत पान्हा उचलायला वाकली. वर आली तेव्हा बाबा चिंधीने पातं पुसत होते.

"हा तांबडा रंग कुठून लागला गं याला?"

पांढऱ्या पात्यावर डाग होता. ते पुसत होते तसतसा तो पसरत होता. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. तर्जनीचं टोक चांगलं चिरलं होतं, ओघळ पार तळव्यापर्यंत आला होता. पात्याची धार लागली असणार, मघाशीच कधीतरी.

तीस वर्षं बाबांनी रस्ते फोडायचं थरथरतं मशीन धरलं होतं. थंडीत त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडायची, कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. घरात सगळे म्हणायचे, थंडी बाधते त्यांना. आज तर छताच्या पंख्याखालीही घाम येत होता.

तिच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते तिने गिळलं.

"बोट चिरलंय तुमचं."

बाबांनी बोट वर करून पाहिलं, जणू दुसऱ्याचंच आहे.

"बोलण्याच्या नादात कळलं नाही."

ती आत गेली. येताना पट्टी आणली आणि पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. पेला तिने फळीवर इंजिनाच्या शेजारी ठेवला.

"हे कशाला?"

"तहान लागली तर. आणि अजून एकदा फिरवून बघू. माझ्या समाधानासाठी."

"तुझं समाधान म्हणजे अवघड काम."

इंजिन सुरू झालं. पाण्यावर एकात एक गोल उठले आणि पाणी काठावरून फळीवर सांडायला लागलं. बाबांनी पट्टी बांधलेलं बोट आणि शेजारचं बोट टेकवलं, मान तिरकी केली. नजर मात्र पेल्यावर होती.

"अजून आहे," ते म्हणाले.

"हो? मला नाही जाणवलं," ती म्हणाली आणि पान्हा पुढे केला.

चार वेळा नट ढिला झाला, चार वेळा आवळला. पाचव्या वेळी इंजिन पूर्ण वेगात असताना पेल्यातल्या पाण्यात वरच्या दिव्याचं प्रतिबिंब जवळजवळ न हलता दिसत होतं. बाबांनी बराच वेळ बोटं उचलली नाहीत.

"सापडली," ते म्हणाले.

तिने इंजिन बंद केलं, फळी पुसली आणि पेला आत न्यायला उचलला.

"तो पिशवीत टाक," पान्हा पुसत बाबा म्हणाले. "उद्या मैदानावर तहान लागेल."