पहिल्या नंबरचे पेढे

शरणपूर रोडवरच्या पाच ऑफिस इमारतींनी २००४ साली ठरवलं, की दर चौरस फुटामागे कोण किती वीज वापरतं ते एकमेकांना दाखवायचं. पहिल्याच वर्षी जुलेखा सांभाळत होती त्या इमारतीचा सर्वांत कमी वापर निघाला. तिच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष भालेराव यांनी लगेच पेढे मागवले.

जुलेखाला मात्र तो नंबर पटला नाही. वरचे दोन मजले वर्षभर कुलूपबंद होते. तिथे एकही दिवा लागला नव्हता, तरी त्यांचे चौरस फूट गणितात धरले होते. तिने ते वगळून पुन्हा आकडे मांडले. इमारत थेट पाचवी आली.

“कुणी विचारलंय का तुम्हाला?” तिने दाखवलेला हिशोब बघून भालेराव म्हणाले.

“कुणी विचारत नाही, म्हणूनच आपल्या जिन्यातले दिवे भरदुपारी जळतात, साहेब.”

तिने नवा तक्ता स्वतःच्या सहीने नोटीस बोर्डावर लावला आणि उरलेले पेढे उचलून समोरच्या इमारतीत गेली. खरा पहिला नंबर ती इमारत सांभाळणाऱ्या कादरभाईंचा होता.

“तोंड गोड करा,” ती म्हणाली, “आणि तुम्ही दिवे, पंप कसे चालवता ते सगळं मला दाखवा. पुढच्या वर्षी पहिला नंबर आमचा, तेव्हा पेढे तुम्ही आणायचेत.”