मुंगळ्याचे डोळे

"पांढऱ्याशी निळा, पांढऱ्याशी नारिंगी, पांढऱ्याशी हिरवा," जॉइंटरकाका मोठ्याने म्हणत होते आणि त्यांची बोटं तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत पिळत होती. टेबलापुढे देशोदेशीची सात-आठ माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून उभी होती. प्रत्येकजण मोबाईलवर काकांच्या बोटांचं चित्रण करत होता.

मोबाईल इंटरनेटची आंतरराष्ट्रीय परिषद होती. एका कंपनीने आपल्या स्टॉलवर 'कालचं जग' नावाचा कोपरा मांडला होता. त्यात एक काळा फोन होता, टेलिफोन केबलचा हातभर तुकडा होता आणि तो जोडून दाखवायला टेलिफोन खात्यातले हे निवृत्त जॉइंटर. एकतीस वर्षं रस्त्याखालच्या खड्ड्यांत घालवलेल्या माणसाच्या पायाखाली पहिल्यांदाच गालिचा आला होता. काका खूश होते. घरी सुनेने कडक इस्त्री करून शर्ट दिला होता.

गर्दी पांगली तशी एक तिशीची बाई पुढे आली. तिच्या ओळखपत्रावर वक्त्यांची लाल पट्टी होती.

"तुम्ही जॉइंटरकाका ना? बोटांवरून ओळखलं. मी मुंगळ्याची मुलगी."

काकांच्या हातातली तार सुटली. मुंगळा म्हणजे त्यांचा जोडीदार. अंगाने किडकिडीत, कुठल्याही भोकातून आत शिरायचा, म्हणून सगळ्या खात्यात तेच नाव पडलं होतं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. अंत्यविधीला काका गेले नव्हते. कंबर धरली म्हणून निरोप पाठवला होता.

"केवढीशी होतीस गं," ते म्हणाले. "बस, बस. तू इथं भाषण करणार?"

"तीन वाजता. टॉवरचं कामच करते मी. आणि काका, भाषणात तुमचंही नाव आहे हं. बाबा सांगायचे ना, माझ्या हाताला वळण लावलं ते जॉइंटरने. तुम्हाला उभं राहायला सांगणार आहे मी. पुढं येऊन बसा."

ती खुर्ची ओढून घरच्यासारखी बसली.

"बाबांचा तो डोळ्यांचा किस्सा माहितीये ना तुम्हाला? मोबाईल टॉवरच्या ट्रेनिंगला त्यांचं नाव निघालं होतं. अन् कुण्या शहाण्याने साहेबांच्या कानात सांगितलं, याला रंगच नीट कळत नाहीत. झालं. साहेब म्हणाले, आधी डोळे तपासून ये. बाबा तपासून आले, डॉक्टरने ठणठणीत म्हणून लिहून दिलं, पण तोवर जागा दुसऱ्याला गेली. पुढं तांब्याच्या तारांचं कामच संपलं, नोकरी संपली, गोदामावर रखवालदारी केली. ती डॉक्टरची चिठ्ठी शेवटपर्यंत पाकिटात होती त्यांच्या. पाहुणे आले की काढून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे."

तीही हसली. काका हसले नाहीत. समोरच्या तारांकडे बघत राहिले. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. साहेब केव्हाच वारले होते. काका आणि साहेब सोडून तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तीन वाजता उभं राहायचं, दोन्ही हात जोडायचे, टाळ्या घ्यायच्या, एवढंच तर होतं.

"तो शहाणा मीच," काका म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही.

"साहेबांनी मला विचारलं, मुंगळ्याला पाठवू का. माझी कंबर तेव्हाच गेली होती. तो गेला तर मला खड्ड्यात धरून उतरवणार कोण? हे एक. आणि दुसरं म्हणजे, माझ्या हाताखालचा पोरगा माझ्या पुढं जाणार, ते पोटात दुखलं. तोंडाला आलं ते बोलून गेलो. वाटलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी जाईल. पुढच्या वर्षी ट्रेनिंगच नव्हतं."

"बाबांना सांगितलंत कधी?"

"नाही. रोज एका डब्यात जेवायचो आम्ही. नाही जमलं."

शेजारच्या स्टॉलवर कुणीतरी माईक तपासत एक-दोन-तीन म्हणत होतं.

"मला का सांगितलंत मग?"

"तू माझं नाव घेणार होतीस म्हणून."

ती उठली. खुर्ची जागच्या जागी नीट सरकवून ठेवली. "मला तयारी करायचीये," एवढं बोलून निघून गेली.

जावं की न जावं, करत काका तीन वाजता सभागृहात गेलेच. पुढे नाही, दाराजवळ शेवटच्या रांगेत बसले. ती छान बोलली. आकडे, नकाशे, पुढच्या दहा वर्षांच्या गोष्टी. शेवटी म्हणाली, "माझे वडील टेलिफोनच्या केबल जोडायचे." मग हातातल्या कागदाकडे बघून थांबली. काकांनी नकळत खुर्चीचे हात घट्ट धरले. तिने घोटभर पाणी घेतलं, कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "डोळे फार चांगले होते त्यांचे." पुढे सगळ्यांचे आभार मानले.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. काकांनीही वाजवल्या. ती मंचावरून उतरेपर्यंत वाजवत राहिले, आणि कुणी बघायच्या आत बाहेर पडले.

स्टॉलवर दोन परदेशी पाहुणे वाट बघत होते. काका टेबलामागे बसले, तारा पुन्हा मोकळ्या केल्या. पाहुण्यांनी काहीतरी विचारलं. ते स्टॉलवरच्या मुलीने मराठीत सांगितलं, "एवढं बारीक काम तुम्ही एकटे करायचात का, असं विचारतायत."

"नाही," काका म्हणाले. "खाली काळोख असायचा. तो बॅटरी धरून रंग सांगायचा, मी नुसता जोडायचो."

मुलीने ते पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, एक फोटो काढला.

"एकदाही चुकला नाही तो. हेही सांग त्यांना," काका म्हणाले. पण तोवर पाहुणे पुढच्या स्टॉलकडे वळले होते.