उलटा फिरणारा नळ

कारकुनाने फॉर्म पालथा करून म्हाताऱ्या बाईंसमोर सरकवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

"कागदपत्रं जळली असतील, तर घराची अशी एक खूण सांगा, जी तिथे राहिलेल्यालाच ठाऊक असेल. आमचा तपासनीस जाऊन बघून येईल."

युद्ध संपून चार वर्षं झाली होती. पळून गेलेली माणसं आता आपापली घरं परत मागत होती, आणि खुणेची ही युक्ती कारकुनाचीच होती. साहेबांनी तेव्हा त्याची पाठ थोपटली होती. आज मात्र फॉर्मवरचा पत्ता वाचल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते घर बेवारस म्हणून त्यालाच मिळालं होतं. बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे, सगळा संसार तिथे होता.

"स्वयंपाकघरातला नळ," बाई म्हणाल्या. "उलटा फिरतो. आमच्या यांनी हौसेनं स्वतः बसवलेला. पाहुणे बंद करायला जायचे आणि नखशिखांत भिजायचे."

पहिल्या दिवशी तोही असाच भिजला होता. मुली पोट धरून हसल्या होत्या. बायकोने तगादा लावला म्हणून गेल्याच महिन्यात त्याने तो नळ बदलून घेतला. तपासनीस तर त्याचा जुना दोस्त. नळ सरळ फिरला की 'खूण आढळली नाही' असा शेरा मारून मोकळा होईल. आपण फक्त तोंड मिटून बसायचं. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"दुसरं काही आठवतंय?"

"आठवतंय की. पण तुम्ही एकच विचारलंत."

त्याने फॉर्म ओढून घेऊन सुलटा केला. साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं : नळ उलटाच होता, मी बदलला. खाली सही केली. साक्षीदाराचा पत्ताही लागत होता. वर बाईंनी घातलेलाच पत्ता त्याने पुन्हा एकदा लिहिला.

बाईंनी चष्मा सारखा करून सगळं सावकाश वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं नाही.

"काल जाऊन आले मी तिथे," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोनं आत बोलावून पाणी दिलं. नवा नळ तेव्हाच पाहिला. तुम्ही या टेबलावर बसता, हेही तिनंच सांगितलं."

कारकुनाला मान वर करवेना.

"गुणाची आहे पोर. मी कोण, ते माझ्या तोंडून काही निघालं नाही," बाई उठत म्हणाल्या. "तेवढं तुम्ही सांगा."