तार उचलणारा माणूस

आमचं गाव फार हुशार आहे. अडचणीवर तोडगा काढण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. अडचण दूर करणं मात्र आम्हाला जमत नाही, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही.

गावच्या रस्त्यावरून विजेची लाईन जाते. ती ओढली तेव्हा ठेकेदाराने मधला एक खांब गाळला, आणि तारेला बरोबर रस्त्याच्या मधोमध झोळ पडला. पुढे एकदा वाऱ्यात तार तुटली, तर वायरमनने दोन टोकं नुसती पिळून जोडली आणि 'नंतर नीट करू' म्हणून निघून गेला. खालून माणूस जायचा, टेम्पो जायचा, पण उसाने भरलेली ट्रॉली अडायची. त्यावर गावाने तोडगा काढला. तो तोडगा म्हणजे माझा नवरा.

आमचं घर तिथेच, रस्त्याला लागून, आणि डेव्हिड ताडमाड उंच. पहिल्यांदा एका ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली तेव्हा हे अंगणातला वाळका बांबू घेऊन गेले. मग बांबूच्या टोकाला बेचकं बसलं, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली गेली. हंगाम सुरू झाला की "डेव्हिडभाऊ!" अशी हाक यायची, आणि हे जेवणावरून उठून जायचे. बेचक्यात तार धरून वर रेटायची, ट्रॉली खालून सरकली की अलगद सोडायची. गवंडीकामात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता, पण गाव त्यांना तार उचलणारा म्हणूनच ओळखू लागलं. एका वर्षी गणपतीच्या मांडवात शाल-नारळ देऊन सत्कारही झाला. मी त्या शालीची घडी मोडली नाही.

मी अंगणवाडी सेविका. तारेपासून लांब राहा, असं पोरांना रोज शिकवायचे. पोरं तोंडावर विचारायची, "बाई, मग तुमच्या घरचे काय करत्यात?" मी त्यांना गाणं म्हणायला लावायचे.

घरी मात्र मी गप्प बसले नाही.

"तुम्ही उद्यापासून जायचं न्हाई," मी म्हणाले.

"मी न्हाई गेलो तर ट्रॉल्या अडतील की, रूथ."

"अडू द्या! लागू द्या रांग पार वेशीपर्यंत. कारखान्याचे फोन जातील, पुढारी पळत येतील, मग बघा तो खांब कसा उभा राहतो. तुम्ही उचलताय म्हणून तो झोळ कुणाला दिसत न्हाई."

"लोकांचा तोडलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचं काय? शेजारधर्म हाय का न्हाई?"

"आणि मी?"

यावर ते हसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "एवढा हंगाम जाऊ दे. मग सोडतो."

मी वायरमनलाही धरलं. अंगद त्याचं नाव. पोरगा वाईट नव्हता, पण डोक्यावर चार गावं. "बाई, खांब मंजूर हाय," तो म्हणाला. "वरून येईल तवा येईल. तवर आपले डेव्हिडभाऊ हायेतच की." जसं काही माझा नवरा वीज ऑफिसनेच रस्त्यात रोवून ठेवला होता.

मला भीती वाटायची. ते रस्त्यावर गेले की मी आत जाऊन भांडी घासत बसायचे, घासलेली परत घासायचे. ट्रॅक्टरचा आवाज पुढे गेला की बाहेर येऊन बघायचे.

आणखी एक हुशारी सांगायची राहिली. रब्बीच्या पाण्याला सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की ट्रान्सफॉर्मरजवळच्या डीपीतला फ्यूज उडायचा. म्हणून कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार पिळून टाकली. मग काही झालं तरी लाईट जाईना. गाव खूश. हे कुणी केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि विचारलं तर कुणालाच माहीत नाही.

त्या दिवशी शनी अमावस्या होती. शिंगणापूरला गर्दी उसळली, मोठा रस्ता तुंबला, आणि भाविकांच्या बस आमच्या गावातून वळवल्या. टपावर सामान बांधलेल्या उंच बस. डेव्हिड सकाळपासून उभे होते. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव झाकून, एवढी एक जाऊ दे."

ती बस गेली. तार खाली सोडताना तो पिळलेला जोड सुटला आणि तार त्यांच्या खांद्यावर पडली. फ्यूज असता तर त्याच क्षणी उडाला असता. त्या जागची जाड तार वितळली नाही. कुणीतरी डीपीकडे धावलं, स्विच पाडला, तोवर माझा माणूस गेला होता. मी भाकरी हातात धरून उभी होते. त्यांना शिवायलाही मला कुणी जाऊ दिलं नाही.

बसमधले सगळे वाचले, हे गावाने मला येऊन येऊन सांगितलं. दफनाला सारं गाव मिशनच्या आवारात लोटलं. शेजारच्या रानाचे काकासाहेब तर लहान पोरासारखे रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग वीज ऑफिसचे साहेब चौकशीला आले. तार उचलायला यांना कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी खाली पाहिलं. साहेब गेल्यावर अंगदने तार पुन्हा जोडली, तशीच पिळून, आणि झोळ आणखी खाली आला.

पण आता बांबू हातात घ्यायला कुणी धजेना. पहिली ट्रॉली आली आणि थांबली. तिच्यामागे दुसरी. दुपारपर्यंत रांग वेशीला लागली. मी उंबऱ्यात बसून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ड्रायव्हर शिव्या देत होते, फोनवर फोन चालले होते. मनात त्यांना म्हटलं, बघा, मी सांगत होते तेच होतंय. आता खांब येणार. तुम्ही गेलात, पण दुसऱ्या कुणाच्या दारात हे येणार नाही.

त्या फोनांनी खांब आला नाही, जेसीबी आला.

काकासाहेबांच्या रानातल्या खांबाजवळ तार उंच असते. तिथून ट्रॉली सहज जाते. फक्त काकासाहेबांचा बांध फोडावा लागत होता आणि दोन वाफे कांदा मोडत होता. वीतभर बांधासाठी सख्ख्या भावाशी कोर्टात गेलेले काकासाहेब स्वतः पुढे उभे राहून जेसीबीवाल्याला जागा दाखवत होते. घटकाभरात वाट झाली. ट्रॉल्या कांद्यावरून एकामागून एक निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला. अंगदने फोनवर साहेबांना कळवलं की आता काही अडचण नाही.

मी अनवाणीच बांधावर गेले.

"काकासाहेब," मी विचारलं, "ही वाट आधी का न्हाई केली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"आधी गरजच कुठं हुती, वहिनी?" ते म्हणाले. "डेव्हिड हुता ना."