मागची सीट

पुष्पाबाईंचं माहेर धुळ्याजवळ, विमानपट्टीला लागून. कापूस वेचताना डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालायची. शेतातल्या बाकीच्या पोरी ओढण्या हलवून ओरडायच्या. पुष्पा ओरडायची नाही. कमरेवर हात ठेवून विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहायची.

पाहायला आलेल्या मुलानं, म्हणजे हेमराज सोनवण्यांनी, रीत म्हणून विचारलं होतं, "तुम्हाला कशाची आवड आहे?"

"एकदा वरून आमचं शेत पाहायचंय," ती म्हणाली.

बैठकीतले सगळे हसले. हेमराज हसले नाहीत. म्हणूनच आपण होकार दिला, असं पुष्पाबाई पुढे मुलीला सांगायच्या.

हेमराज वरणगावच्या कारखान्यात मशिनिस्ट होते. घर नशिराबादला. सगळी नोकरी त्यांनी लेथवर काढली आणि निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अॅल्युमिनियमच्या नळ्या येऊन पडल्या. परदेशातून त्यांनी एका छोट्या विमानाचे नकाशे मागवले होते. एकामागे एक अशा दोन सीट, वर एकच लांब पंख, पुढे इंजिन.

"पुढे मी, मागे तू," नकाशा पलंगावर पसरून ते पुष्पाबाईंना म्हणाले. "तुझं शेत पाहून येऊ."

"उडी तं जाईन ना हाई?" पुष्पाबाई म्हणाल्या. एरवी घरात त्या शहरी मराठी बोलायच्या. पण मनाला काही फार लागलं किंवा फार आनंद झाला की माहेरची बोली आपसूक तोंडात यायची.

"न उडायला काय झालं?"

काम वर्षानुवर्षं चाललं. गल्लीतले लोक सुरुवातीला विचारायचे, "काय सोनवणेभाऊ, कधी सुटतंय तुमचं रॉकेट?" पुढे तेही कंटाळले. हेमराज दर रविवारी एसटीनं धुळ्याला जाऊन विमान चालवायला शिकू लागले. शिकवणारा हितेंद्र त्यांच्या मुलीच्या वयाचा होता आणि त्यांना नाना म्हणायचा. तपासणी, परवानगी, अर्ज यांतलं त्याला सगळं कळत होतं. त्यानं सांगावं आणि हेमराजनी तसं करावं, असं ते चाललं होतं.

पंखाचं कापड मात्र सगळं पुष्पाबाईंनी शिवलं. सांगाड्यावर कापड चढवून त्यांनी त्यावर गरम इस्त्री फिरवली, तसं ते आक्रसत गेलं आणि ढोलकीसारखं ताणून बसलं. मग ते आतल्या फासळ्यांना दोऱ्यानं बांधायचं होतं. त्यासाठी पंख काठावर उभा करून ठेवला. एका बाजूला हेमराज, दुसऱ्या बाजूला पुष्पाबाई. हातभर लांब सुई इकडून घालायची, तिकडून ओढून घ्यायची, गाठ मारायची, परत पाठवायची. पंखाच्या आडून एकमेकांचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे बोलणं सोपं व्हायचं. त्या दिवसांत दोघं जेवढं बोलले तेवढं सगळ्या संसारात बोलले नसतील. पुष्पाबाई शेताबद्दल सांगायच्या. विहीर कशी दगडी बांधणीची आहे, तिच्या काठचा आंबा कसा एका अंगानं वाकलाय, वडील दुपारी त्याच्या सावलीत कसे निजायचे.

"वरून विहीर दिसेल का हो?"

"दिसेल की. काळा ठिपका दिसेल."

"पाणी चमकेल?"

"सकाळी गेलो तर चमकेल."

विमान उभं राहिलं, इंजिन बसलं. मग हितेंद्र नशिराबादला आला आणि चाकांखाली काटे ठेवून त्यानं विमानाचं वजन केलं. आकडे मांडून झाल्यावर त्यानं कागद हेमराजपुढे सरकवला.

"नाना, जड झालंय. तुम्ही सगळं दणकट केलंय."

"कारखान्याची सवय," हेमराज म्हणाले.

"दोघं बसलात तर हे उचलेल, पण रडतरडत. त्यात आपल्याकडची उन्हानं पातळ झालेली हवा. मी तसं उडू देणार नाही. मोठं इंजिन मागवा. पाच-सहा महिने थांबावं लागेल."

"नाहीतर?"

"नाहीतर मागची सीट काढून टाका. वजन पुढेमागे नीट बसवू आणि एकट्यानं उडवा."

हेमराजच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. पुढच्या वैद्यकीय तपासणीत आपण नापास होऊ, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. एवढी वर्षं राबायचं आणि ऐन वेळी डोळा आड यायचा! पाच-सहा महिन्यांचं वर्षही होऊ शकतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सीटचे बोल्ट काढले, तिथल्या पोकळीवर पत्रा ठोकला. पुष्पाबाईंना संध्याकाळी सांगू म्हणाले, मग उद्या सांगू म्हणाले.

शेपटीजवळच्या कापडाला सुरकुती राहिली होती, ती काढायला पुष्पाबाई इस्त्री घेऊन शेडमध्ये आल्या. आपल्या सीटच्या जागी पत्रा पाहून थांबल्या.

"मनी जागा कोठे शे?"

हेमराजनी सगळं समजावलं. वजन, इंजिन, हवा, डोळा. बोलताना ते आकडेही सांगत राहिले, जणू पुष्पाबाई हितेंद्रच आहेत. "तात्पुरतं आहे गं. मोठं इंजिन आलं की पहिली तूच."

पुष्पाबाईंनी इस्त्री तापू दिली, सुरकुती नीट काढली आणि वायर गुंडाळून घरात गेल्या.

हिवाळ्यात पंख उतरवून विमान ट्रकवर चढवलं. पारोळ्याला चहासाठी थांबले तर बाजाराला आलेले शेतकरी ट्रकभोवती गोळा झाले. धुळ्याला पोचल्यावर पंख परत चढले, कागद आले. पहिल्या चकरा हितेंद्रनं मारल्या. खाली उतरून म्हणाला, "नाना, सरळ चालतंय. जा आता तुम्ही."

सकाळ होती, वारा पडलेला होता. पुष्पाबाई कुंपणाजवळ शाल पांघरून उभ्या होत्या. हेमराजनी इंजिनाचा जोर वाढवला, पट्टी मागे पळायला लागली, आणि मग चाकांचा खडखडाट एकदम थांबला. आपण केलेली वस्तू आपल्याला उचलून नेतेय, हे त्यांच्या अंगाला आधी कळलं आणि डोक्याला नंतर. ते एकटेच मोठ्यानं हसले. वळण घेतलं तर खाली शेत. कापसाच्या ओळी, वाकलेला आंबा, विहीर. पाणी चमकत होतं. त्यांनी शेतावरून दोन घिरट्या घातल्या.

उतरल्यावर ते जवळजवळ धावत कुंपणाकडे गेले. "पुष्पा, तुझी विहीर दिसली! आंबा दिसला! तू म्हणायचीस तसंच सगळं!"

पुष्पाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हीन देखी ना?" त्या म्हणाल्या. "मंग झायं."

हितेंद्र पेढे घेऊन आला. पुष्पाबाईंनी एक खाल्ला, दुसरा त्याच्या हातावर ठेवला. हेमराजना वाटलं, हिला आनंद झालाय.

त्या उन्हाळ्यात त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. अर्ध्या तासात काम झालं. नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी काही हरकत घेतली नाही. आता मोठं इंजिन मागवायला हवं होतं. पण मागवलं की विमान उघडून ठेवावं लागणार, आणि हिवाळा तर येत होता. यंदा उडून घेऊ, पुढच्या वर्षी इंजिन, असं हेमराज म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. धुळ्याला जायचे, तासभर उडायचे, रात्री जेवताना काय काय दिसलं ते सांगायचे. पुष्पाबाई ऐकायच्या. शेताचा विषय निघाला की भाकरी आणायला उठायच्या. ते हेमराजच्या लक्षात यायला फार उशीर लागला.

एका दुपारी पुष्पाबाईंच्या भावाचा, भाईदासचा, फोन आला. रस्ता रुंद होत होता, अर्धी जमीन त्यात गेली होती, उरलेली त्यानं प्लॉट पाडायला दिली होती. "अक्का, तुले सांगानं राही गयं," तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता. पुष्पाबाईंनी त्याच्या सुनेची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

हेमराजनी त्याच आठवड्यात इंजिन मागवलं. विमान नशिराबादला आणलं, पत्रा काढला, मागची सीट परत बसवली. इंजिनासाठी पुढचा सांगाडा बदलावा लागला, परत वजन, परत तपासणी. इतक्या घाईनं त्यांनी आधी कधीच काम केलं नव्हतं. तरी विमान परत धुळ्याला पोचेपर्यंत दिवाळी उलटून गेली.

"चल," ते पुष्पाबाईंना म्हणाले.

"आता काय पाहायचं आहे तिथं?"

"चल तरी. माझ्यासाठी."

त्या आल्या. पदर कमरेला घट्ट खोचून मागच्या सीटवर बसल्या. हितेंद्रनं पट्टे आवळले, कानावर हेडफोन चढवले. चाकं सुटली तेव्हा हेमराजना हेडफोनमधून त्यांचं हसू ऐकू आलं, अगदी लहान मुलीसारखं. ते ऐकून त्यांचा जीव एवढा हलका झाला की क्षणभर सगळं फिटलं असं वाटलं.

मग त्यांनी वळण घेतलं.

"कोठे शे?" पुष्पाबाईंनी विचारलं.

हेमराज शोधत होते. खाली रस्त्याचा रुंद करडा पट्टा होता, त्याला लागून उकरलेली पिवळी माती आणि प्लॉटचे पांढरे दगड. त्यांनी पट्टीचं टोक पाहून अंदाज घेतला, नाल्यावरून अंदाज घेतला. आंबा नव्हता. विहीर बुजवली होती. कुठे बुजवली तेही कळत नव्हतं.

"थांब, परत वळतो. इथंच कुठेतरी होती."

त्यांनी एक घिरटी घातली, आणखी एक घातली.

"आठून बठ्ठं सारखंच दिखस," मागून आवाज आला. जरा वेळानं, "चला, उतरा आता."

उतरल्यावर पुष्पाबाईंनी पट्टे स्वतःच सोडवले. "तू फार चांगलं शिकवलंस यांना," असं हितेंद्रला म्हणाल्या.

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. नाशिकहून मुलीचा, सपनाचा, फोन आला. पुष्पाबाई ओट्याशी उभ्या राहून बोलत होत्या. "हो गं, बसले ना. अजिबात भीती नाही वाटली. तुझे बाबा छान चालवतात. शेत? हो, दिसलं. सगळं दिसलं."

हेमराज दारात उभे राहून ऐकत होते. फोन संपल्यावर ते आत आले.

"तिला खरं का नाही सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं त्यात?"

हेमराज पाटावर बसले. हातांना अजून पेट्रोलचा वास होता.

"पुष्पा, त्या वेळी मी थांबायला हवं होतं. सहा महिन्यांचा तर प्रश्न होता."

त्यांना वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या हो. इतक्या वर्षांत ती तेच म्हणत आली होती.

पुष्पाबाईंनी डाळीखालचा गॅस बारीक केला आणि त्यांच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता.

"हां," त्या म्हणाल्या. "थांबाले पाहिजे व्हतं."

आणि त्या कणीक मळायला बसल्या.